तिसऱ्या माणसाचं स्टूल

दादाला दवाखान्यातून घरी आणून चार दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत त्याच्या उजव्या हाताकडे घरातल्या कोणी सरळ पाहिलं नव्हतं. पाहायचं ते चोरून. वहिनी ताट ठेवताना पाहायची, आई पांघरूण सारखं करताना पाहायची. धाकटा तर उंबऱ्यातूनच दोन शब्द टाकून कामावर पळायचा. तीन बोटं गेलेला, पांढऱ्या पट्टीतला तो हात नव्या पाहुण्यासारखा उशीवर बसून असायचा, आणि पाहुण्यासमोर बोलावं तसं सगळे जपून बोलायचे.

त्या हाताशी बोलायची ती एकटी मधली. सकाळी पट्टी बदलताना ती दादाला नाही, हातालाच विचारायची, काय रे, झोप लागली का? पहिल्या दिवशी दादा चिडला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "त्याला लागली, मला नाही." तेव्हा दोघं हसली आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तीन भावंडांतली मधली म्हणून ती मधली. तिशी ओलांडली तरी घरात आणि कारखान्यात तिला याच नावानं हाक मारत. प्लायवूडच्या त्या कारखान्यात ती ड्रायरवर होती. सोललेल्या लाकडाचे ओले पापुद्रे एका तोंडातून आत जायचे, दुसऱ्या तोंडातून वाळून बाहेर यायचे, आणि फाटके-सांधलेले निवडून ती थप्पी लावायची. पुढे त्या थप्प्यांना गोंद लागून त्या गरम प्रेसमध्ये जायच्या. प्रेसवर दादा होता. आता नव्हता.

आईचा एक नेम होता. पहाटे उठून ती भिंतीकडे तोंड करून हात जोडून बसायची आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव मनात घेऊन झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायची नाही. एरवी चहाला आधण येईपर्यंत नेम आटोपायचा. या चार दिवसांत चहा उकळून काळा होत होता आणि आई दादाच्याच नावावर अडलेली असायची. त्या सुट्टीच्या सकाळी ती उठली आणि दिवसाचा पहिला शब्द मधलीशी बोलली. "आज तुझे काका येतील. त्यांना उलटून बोलू नकोस."

मधली काही बोलली नाही. आई समजायचं ते समजली.

त्यांच्या माणसांत ते तसंच होतं. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. गप्प राहायचं. होकार असेल तर 'आहे' म्हणायचं, आणि 'आहे' आलं नाही तर पुढच्यानं समजून घ्यायचं आणि विषय मिटवायचा. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या हे सुरळीत चाललं. मग जंगल गेलं, लाकूड कारखान्यात आलं, लाकडामागोमाग माणसंही कारखान्याच्या खोल्यांत आली, आणि येताना ती ही रीत बरोबर घेऊन आली. तिचा घोटाळा कुठे झाला हे घरात आजवर कोणी उघड बोललं नव्हतं. मधलीला मात्र तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

काका दहाच्या सुमारास आले. अंगात मुकादमाचा निळा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेला कागद. वडील गेले तेव्हा ही तिन्ही पोरं काकांच्या पदरात पडली होती. मधलीला शाळेत पोचवायला काका, दादाच्या लग्नात दारात उभे राहायला काका, ड्रायरवर तिला चिकटवायलाही काकाच. म्हणून ते आले की घरातली एकुलती खुर्ची आपोआप रिकामी व्हायची. आजही झाली. पण काका तिच्यावर बसले नाहीत, दादाच्या खाटेच्या कडेला टेकले. याचंच मधलीला भय वाटलं.

कागदावरचं त्यांनी हलक्या आवाजात वाचून दाखवलं. प्रेस चालू असताना मी माझ्या चुकीने हात आत घातला, कारखान्याची यात कसलीही हयगय नाही. एवढंच. त्याखाली दादानं सही करायची. बदल्यात साहेब त्याला फाटकावर बसून करायचं काम देणार, जन्मभराचं, आणि राहती खोलीही कोणी काढून घेणार नाही. मात्र उद्या अकराला कामगार खात्याच्या बाई चौकशीला येताहेत, त्याआधी सही झालेली बरी.

"उजवा हात नाही चालत, तर डाव्या अंगठ्याचा ठसाही चालेल, म्हणाले साहेब," काका म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच ते शब्द बोचले असावेत, कारण त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली.

दादा गप्प होता. वहिनी मात्र दारातून पुढे आली. ती तोंडाची तिखट, पण हिशेबानं चालणारी बाई. तिचं म्हणणं सरळ होतं: बोटं काही परत येणार नाहीत, दोन लेकरं शाळेत आहेत, फाटकावर खुर्ची मिळते आहे तर घ्यावी. आईनंही मान हलवली. पोरगा सावलीत बसेल, आणखी काय हवं. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागितला.

मग जरा सैलावून त्यांनी ती गोष्ट काढली. कोणीतरी आतल्यानंच खात्याला अर्ज लिहिलाय, साहेबांना तेच जास्त लागलंय. प्रेसवरचा तिसरा माणूस काढल्यामुळे अपघात झाला, असं लिहिलंय म्हणे. कोणी लिहिलं ते कळलं तर काका स्वतः जाऊन त्याची समजूत घालणार होते.

मधलीनं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. 

"मी लिहिला," ती म्हणाली.

खिडकीखालच्या खाटेवरच्या आजोबांच्या श्वासाची घरघर ऐकू यायला लागली. आजोबांना ऐकू येत नाही असं सगळे धरून चालायचे, आणि आजोबांनी कधी ते खोडून काढलं नव्हतं.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "मला एकदा विचारायचंस, पोरी." रागावली ती वहिनी. हात माझ्या नवऱ्याचा, आणि अर्ज तू करतेस? आम्ही काय मेलो होतो? उद्या खोली गेली तर लेकरं घेऊन तुझ्या ड्रायरवर येऊन झोपू का? एकेक शब्द सुईसारखा होता आणि एकही खोटा नव्हता. मधली उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

अर्जाची गोष्ट तिनं मग सांगितली, आईकडे बघत, कारण आईला सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

पाच महिन्यांपूर्वी साहेबांनी पटांगणात नोटीस वाचली होती. प्रेसवर तिघंजण असत. दोघं फळ्या आत सरकवणारे, आणि तिसरा लाल बटणाशी स्टुलावर बसून त्या दोघांच्या हातांवर डोळा ठेवणारा. त्याचं काम एवढंच, बघायचं, आणि वेळ आली की बटण दाबायचं. साहेबांच्या मते बसून बघण्यासाठी माणूस लागत नाही. नोटीस वाचून ते म्हणाले, कोणाची हरकत आहे का? पटांगणात बेचाळीस माणसं होती. झाडून सगळे गप्प. माणसांनी उत्तर दिलं ते हरकतीच्या प्रश्नाला नाही, नोटिशीला; तिला एकाच्याही तोंडून 'आहे' निघालं नाही. इतका ठाम, एकदिलाचा नकार त्यांच्या माणसांनी जंगल सोडल्यापासून दिला नव्हता. दादा त्या दिवशी घरी येऊन छाती फुगवून म्हणाला होता, कोणी हललं नाही, साहेब समजले असतील.

दुसऱ्या दिवशी तिसरा माणूस गोदामात गेला. सगळ्यांना वाटलं, साहेबांनी आपलं म्हणणं पायदळी तुडवलं. तो राग गिळून माणसं दोघादोघांनी प्रेस चालवत राहिली.

खरं काय झालं ते मधलीला कळलं दादाच्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, बॉयलरवाल्यामुळे. तो त्यांच्या माणसांतला नव्हता. वाफेच्या आवाजाशी बोलून बोलून त्याचा आवाज असा झाला होता की त्याची कुजबुजही तीन शेड पलीकडे जायची. तो तिला म्हणाला, तुम्ही माणसं त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात? ती म्हणाली, आम्ही तर नाही म्हणालो. तो हसायला लागला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला, आणि तिला कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावलेला कागद दाखवायला घेऊन गेला. ती त्या फळ्यापाशी कधी थांबलीच नव्हती. तिथं लिहिलं होतं: उपस्थित बेचाळीस, हरकत कोणाचीही नाही, सर्वानुमते मंजूर. खाली साक्षीदार म्हणून मुकादमाची सही होती. त्याच रात्री तिनं अर्ज लिहिला.

"साहेब खोटं बोलले नाहीत, आई," मधली म्हणाली. "त्यांना आपलं गप्प बसणं कळलंच नाही. त्यांच्यात गप्प म्हणजे होकार."

यावर कोणी काही बोलायच्या आत धाकटा आला. सुट्टीची भाजी घेऊन येत होता, पिशवी ठेवता ठेवता त्यानं सहज सांगितलं की उद्याच्या पाळीची यादी लागली आहे आणि दादाच्या जागी त्याचं नाव आहे. प्रेसवर. त्याला यात थोडा अभिमानही वाटत होता, चोवीस वर्षांचं वय ते. मग त्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली.

यादी मुकादम लावतो.

काका घाईघाईनं बोलायला लागले. त्याला नाही घातला तर म्हणतील मुकादम घरच्यांना जपतो, दुसऱ्याच्या पोराला घालू का, आणि दोनच तर आठवडे. त्यांचं बोलणं संपेपर्यंत आई उठून उभी राहिली होती. त्या घरात आल्यापासून ती दिरासमोर मोठ्यानं बोलली नव्हती, आजही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "भावोजी, सकाळी मी नावं घेते ना, त्यात तुमचंही घेते. उद्यापासून आधी कोणाचं घेऊ, तुमचं की धाकट्याचं, ते सांगा."

काकांनी कप खाली ठेवला.

आणि मग वहिनी फिरली. आत्ता आत्तापर्यंत कागदाच्या बाजूनं भांडणारी ती, काकांच्या समोर येऊन उभी राहिली. "काका, पटांगणात तुम्ही साहेबांच्या शेजारी होतात. आमच्यात गप्प म्हणजे काय, ते साहेबांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

"मीही गप्पच होतो," काका म्हणाले.

"तेच विचारते. तुमचं गप्प कोणाच्यातलं होतं? आपल्यातलं, की साहेबांच्यातलं?"

काकांनी उत्तर दिलं नाही. आणि मधलीच्या मनात आलं, या गप्प बसण्याचा अर्थ आता या घरात कोणालाच लावता येत नाही. काकांनाही नाही.

"हाक कोणी दिली होती?"

हे आजोबा बोलले. सगळे वळले. आजोबा कोपरावर टेकून अर्धवट उठले होते. जंगलात असताना ओंडके वाहणाऱ्यांना हाक द्यायचं काम त्यांचं होतं. एका ओंडक्याखाली आठ-आठ, दहा-दहा माणसं असत, आणि हाक देणारा विचारायचा, लाकडाखाली पहिला? आहे. दुसरा? आहे. असं करत शेवटच्याचं 'आहे' येईपर्यंत लाकूड जमिनीवरून हलायचं नाही. एकजण गप्प राहिला तरी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. का, म्हणून त्याला कोणी विचारायचं नाही. पाय मुरगळला असेल, अंगात ताप असेल, नाहीतर नुसतीच भीती वाटली असेल. तो गप्प आहे एवढं पुरे.

"साहेबांनी विचारलं," काका पुटपुटले.

"विचारताना बघत कुठे होता?"

"कागदाकडे."

"मग ती हाक नव्हे," आजोबा म्हणाले. "हाक देणारा पुढे असतो आणि उलटा चालतो, माणसांकडे तोंड करून. त्याला रस्ता दिसत नाही. माणसांचे पाय दिसतात." आणि ते पुन्हा आडवे झाले, जणू काही बोललेच नव्हते.

काका जाताना कागद तिथंच ठेवून गेले. दादानं तो डाव्या हातानं घेऊन उशीखाली सारला. उद्या सांगतो, म्हणाला. त्या दुपारी आजोबांनी मधलीला जवळ बोलावलं आणि खोलीत उलटं चालून दाखवायला सांगितलं. ती चालली आणि ट्रंकेवर आदळली. धाकट्याला हसू आवरेना. आजोबा मात्र गंभीर होते. पुन्हा, म्हणाले. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. पाचव्या खेपेला ती न अडखळता भिंतीपर्यंत गेली तेव्हा ते म्हणाले, "शेवटच्यावर नजर ठेवायची. जड टोक त्याच्याकडे असतं."

दुसऱ्या दिवशी अकराला प्रेस बंद करून सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. गोंदाचा वास नेहमीसारखा डोळ्यांत शिरत होता. खात्याच्या बाई बारीक चणीच्या, खांद्याला डब्याची पिशवी, आणि आल्या आल्या त्यांनी टेबल प्रेसजवळ मांडायला लावलं, कार्यालयात नाही. मधलीला ते आवडलं. साहेब त्यांच्या डाव्या हाताला बसले, काका साहेबांच्या मागे उभे राहिले. जमिनीवर पिवळा पट्टा होता, यंत्रापासून माणसांनी लांब राहावं म्हणून आखलेला. पट्ट्याच्या अलीकडे माणसं आणि पलीकडे टेबल.

बाईंनी आधी दादाला विचारलं, या कागदावर सही करायची आहे का? दादानं कागद उशीखालून आणला होता, तो त्यांच्यासमोर ठेवला. "सही केली असती," तो म्हणाला, "पण माझी चूक एकट्याची नव्हती." म्हणजे काय, ते त्याला पुढे सांगता आलं नाही.

साहेबांनी शांतपणे नोंदवही उघडली. ते तसे सभ्य गृहस्थ होते, कोणाला अरे-तुरे करायचे नाहीत. त्यांनी बाईंना दाखवलं, हे पहा, सगळ्यांना विचारून निर्णय घेतला, एकानंही हरकत घेतली नाही. मुकादमाची साक्ष आहे. बाईंनी वाचलं, चष्मा वर केला आणि माणसांना विचारलं, "हे बरोबर आहे का?"

बेचाळीस माणसं गप्प.

मधलीनं मान वळवून पाहिलं. सगळ्यांच्या मुठी वळलेल्या होत्या. जबडे आवळलेले होते. प्रत्येकजण जीव तोडून नाही म्हणत होता. आणि बाईंनी थोडा वेळ वाट पाहून पेनाचं टोपण काढलं.

"बाई, लिहू नका," मधली म्हणाली. "हे सगळे नाही म्हणताहेत."

साहेब हसले, तेही वाईट हसू नव्हतं. बाईंना मात्र हसू आलं नाही. मला तर काही ऐकू आलं नाही, त्या म्हणाल्या. मधलीनं सांगितलं, लाकडाचं, हाकेचं, 'आहे'चं. घाईत सांगितलं, मागचं पुढे झालं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पटतंय. पण न बोललेलं मी कागदावर कसं लिहू? मला कोणीतरी बोललेलं हवं."

मधलीला सुचलं असं म्हणता येणार नाही. तिचे पायच वळले. तिनं बाईंकडे आणि साहेबांकडे पाठ केली, जे तिनं जन्मात कोणा मोठ्या माणसासमोर केलं नव्हतं, आणि ती माणसांकडे तोंड करून उभी राहिली. एक पाऊल मागे टाकलं. आता तिला फक्त त्यांचे चेहरे दिसत होते आणि झिजलेल्या चपलांतले पाय.

"प्रेसवर तिसरा माणूस परत हवा," ती म्हणाली. आवाज हवा तितका मोठा निघाला नाही. "या लाकडाखाली पहिला?"

कोणी बोललं नाही. बाईमाणसानं हाक दिलेली कोणी कधी ऐकली नव्हती. वाफेच्या नळीतून पाणी टपकत होतं, ते तिनं चार वेळा ऐकलं. मनात म्हणाली, देवा, निदान माझ्या पायांना बळ दे.

"आहे." पांढऱ्या पट्टीतला हात वर झाला.

"दुसरा?"

"आहे." धाकटा. त्याचा आवाज चिरकला आणि मागे कोणीतरी खोकून हसू दाबलं.

"तिसरा?"

तिसरा होता तो खरोखरचा तिसरा माणूस, स्टुलावर बसणारा, पाच महिने गोदामात पोती मोजणारा. त्याचं 'आहे' आलं ते थेट छपराला लागलं. मग हाक आपोआप पुढे सरकू लागली. ती एकेकाकडे बघायची, विचारायची, थांबायची, आणि पाऊलभर मागे जायची. गोंद लावणाऱ्या दोघी बहिणी. करवतीवरचा बहिरट म्हातारा, ज्याला शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. विसावा, एकविसावा. मधेच शेडच्या दारातून बॉयलरवाल्याचा आवाज गडगडला. त्या दिवशी तो बॉयलरवर होता, मोजणीत नव्हता, तुमच्यातलाही नव्हे, पण लाकूड उचलताना एखादा जास्त झाला तर चालतं का, असं तो विचारत होता. शेडभर हसू पसरलं. बाईंच्याही ओठांची कड हलली. मधलीनं त्याला मान डोलावली आणि पुढे गेली.

तिला स्वतःला धरून एकेचाळीस 'आहे' झाले तेव्हा तिचा पाय पिवळ्या पट्ट्यावर पडला.

खात्याला एकेचाळीस पुरले असते. बाई केव्हाच लिहू लागल्या होत्या. पण नोंदवहीत बेचाळीस होते, आणि बेचाळिसाव्याची तिथं सही होती. तो माणसांच्या रांगेत नव्हता, तिच्या पाठीमागे होता, साहेबांच्या खुर्चीमागे. हाक देणाऱ्यानं मागे वळून बघायचं नसतं. तिनं वळून पाहिलं नाही.

"शेवटचा?"

तिला समोरचे चेहरे दिसत होते. सगळे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. दादाही. दादाच्या डोळ्यांत राग नव्हता, वाट पाहणं होतं, लहानपणी संध्याकाळी काकांच्या सायकलची पाहायचा तसं. तिला मोह झाला पुन्हा विचारायचा. पण हाक दोनदा देत नाहीत. शेवटचा गप्प राहिला तर लाकूड राहतं जमिनीवर, आणि कोणी त्याला का म्हणून विचारत नाही.

मागे साहेबांच्या खुर्चीला धक्का लागल्याचा आवाज आला. मग बुटांचा. मुकादमाला कारखान्याचे बूट असतात, बाकीच्यांना नसतात, म्हणून तो आवाज शेडमध्ये वेगळा कळायचा. बूट तिच्या जवळून गेले, पट्टा ओलांडून रांगेच्या टोकाला गेले आणि तिथं उभे राहून वळले.

"आहे," काका म्हणाले. मग साहेबांकडे पाहून, अगदी हलक्या आवाजात: "त्या दिवशीही मी नाहीच म्हणत होतो, साहेब. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. सही माझी आहे, चूकही माझीच."

साहेबांनी नोंदवहीकडे पाहिलं, मग माणसांकडे. पाच महिन्यांनी का होईना, माणसांकडे.

बाईंनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. तिसरा माणूस जागेवर बसल्याशिवाय प्रेस चालू करायचा नाही. अपघाताची चौकशी पुढे चालेल, कोणाच्या सहीनं ती मिटणार नाही. मग त्यांनी मधलीला विचारलं, तुम्ही इथं कोण? कामगारांच्या प्रतिनिधी? मधली म्हणाली, मी ड्रायरवर असते. बाईंनी पेन हातात धरून पुन्हा विचारलं, मग प्रतिनिधी कोण लिहू? मधलीनं उत्तर द्यायच्या आधी रांगेतून एक 'आहे' आलं, मग दुसरं, मग इतकी की मोजता येईनात. तेव्हा ती गप्प बसली नाही. ती म्हणाली, "आहे."

तिसऱ्या माणसाचं स्टूल पाच महिने कार्यालयात होतं, त्यावर पाण्याचा माठ ठेवलेला असायचा. ते काकांनी स्वतः उचलून आणलं. लाल बटणाशी ठेवलं, एक पाय डगमगत होता म्हणून त्याखाली फळीचा तुकडा सारला, आणि बसायची जागा निळ्या शर्टाच्या बाहीनं पुसली. त्यांची मुकादमी राहते की जाते, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं. दादाला घेऊन आलेल्या वहिनीनं डब्यातून आणलेला चहा आधी त्यांच्यापुढे केला. म्हणाली, कालचा तसाच ठेवून गेलात.

पाळी सुटल्यावर मधली फाटकाबाहेर आली. तिला लवकर घरी जायचं होतं. आजोबांना सांगायचं होतं की ट्रंक मधे नसली की उलटं चालणं सोपं जातं. पण फाटकाशी तीन बायका उभ्या होत्या, शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यातल्या, केसांना पुठ्ठ्याचा भुसा लागलेला. दोघी बोलत होत्या, तिसरी नुसती त्यांचा पदर धरून. बॉयलरवाल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला होता हे उघड होतं. त्यांना विचारायचं होतं, ते तुमच्यात एकेकाला विचारतात ते कसं, आम्हाला शिकवाल का. त्यांच्या यंत्रावरची जाळी काढून टाकली होती आणि त्यांनाही असंच विचारलं होतं, हरकत आहे का म्हणून.

मधलीनं विचारलं, किती जणी आहात?

एकोणीस, त्या म्हणाल्या.

"तुमच्यात सगळ्यांत मागे कोण उभी राहते?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या बाईचं नावही त्यांना चटकन आठवेना. ती कोणात मिसळत नाही, त्या म्हणाल्या, कडेला पुठ्ठे बांधत असते, घाबरते. आजही चल म्हटलं तर आली नाही.

मधलीनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मग आधी तिच्याकडे जाऊ," ती म्हणाली.